जुन्या मोटारी चोरीस कां जातात?

चोर म्हटला म्हणजे तो नवें, लखलखीत आणि मोलाचें असेल तेंच उचलणार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सराफाच्या पेढीवर दरोडा पडला तर कोणास नवल वाटत नाहीं. परंतु शेजारच्या गृहस्थांची वीस वर्षांची, रंग उडालेली, पावसाळ्यांत गळणारी मोटार एका रात्रींत नाहींशी झाली म्हणजे सारी आळी आश्चर्य करूं लागते. पलीकडे नवी कोरी गाडी उभी असतां चोरानें हीच कां पसंत करावी? प्रश्न वरवर पाहतां गमतीचा आहे. परंतु ज्याचें जळतें त्यालाच कळतें. जुनी मोटार वापरणारा मनुष्य बहुधा बेताच्या प्राप्तीचा असतो. ती मोटार म्हणजे त्याच्या मुलांची शाळा, वृद्ध आईची इस्पितळांतील खेप, किंवा भाजीच्या टोपल्या बाजारांत पोंचविण्याचें साधन असतें. ती गेली तर दुसरी घेण्याइतकी शिल्लक त्याच्या गांठीस नसते. म्हणून या विषयाचा थोडा खोलांत जाऊन विचार करणें अवश्य आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चोर हाहि आपल्या परीनें हिशेबी मनुष्य असतो. वस्तूची किंमत किती, एवढेंच तो पाहत नाहीं. ती हस्तगत करण्यास वेळ किती लागेल, पकडलें जाण्याचें भय किती, आणि हातीं आलेला माल खपवितां येईल कीं नाहीं, हेंहि तो तोलून पाहतो. नवी मोटार किमतीच्या परीक्षेंत पहिली येते, पण पुढच्या तीन परीक्षांत नापास होते. जुनी मोटार पहिलींत जेमतेम पास होते आणि उरलेल्या तिहींत वरचा वर्ग मिळविते. चोराला एकूण गुणांशीं कर्तव्य असतें.

या बाबतींत इंग्लंडांत घडलेली हकीकत फार बोधप्रद आहे. १९७१ सालापासून तेथें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीस सुकाणूचें कुलूप असणें सक्तीचें झालें. आपण ज्यास स्टिअरिंग म्हणतों, त्याच्या दांड्यास एक खांच असते. किल्ली काढून घेतली कीं एक लोखंडी खिटी त्या खांचेंत जाऊन बसते आणि चक्र फिरेनासें होतें. मग एंजिन कसेंबसें चालू केलें तरी गाडी वळवितां येत नाहीं. रस्त्यावर आधींच धांवत असलेल्या जुन्या गाड्यांना मात्र ही सक्ती नव्हती. पुढें १९७६ सालीं त्या देशाच्या गृहखात्यानें एक अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत लंडन शहरांतील १९६९ आणि १९७३ या दोन सालांची तुलना आहे. १९६९ सालीं चोरीस गेलेल्या गाड्यांत नव्या गाड्यांचें प्रमाण शेंकडा २० हून थोडें अधिक होतें. १९७३ सालीं तें शेंकडा ५ च्या आसपास उतरलें. वाचून वाटेल, केवढा हा विजय! परंतु एकंदर चोऱ्या कमी झाल्या नव्हत्या. चोरांनीं धंदा सोडला नव्हता. नव्या गाडीच्या दारावरून परतलेला चोर शेजारच्या जुन्या गाडीच्या दाराशीं जाऊन उभा राहिला होता.

याच्या उलट उदाहरण पश्चिम जर्मनीचें आहे. तेथील सरकारनें १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच असें कुलूप नव्याजुन्या सर्व मोटारींस सक्तीचें केलें, आणि तेथें चोऱ्यांची संख्याच खालीं आली. हीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. जुन्या गाडीच्या ठायीं कांहीं नवीन मोहिनी उत्पन्न होते असें नव्हे. गांवांतील शंभर घरांपैकीं नव्वद घरांनीं दाराला भक्कम अडसर घातला, तर उरलेल्या दहा घरांचें संकट, त्यांनीं कांहींहि न करतां, वाढतें.

कुलपांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतों. मोटारीच्या जुन्या पद्धतीच्या कुलपांत पितळेच्या लहान लहान पट्ट्या असतात आणि प्रत्येकीच्या मागें एक बारीक स्प्रिंग असते. योग्य किल्ली घातली म्हणजे तिच्या दांत्यांमुळें साऱ्या पट्ट्या एका पातळींत येतात आणि कुलूप फिरतें. वीसपंचवीस वर्षें रोज पांचदहा वेळां किल्ली आंतबाहेर झाली कीं पट्ट्या झिजतात, किल्लीचे दांतेहि बोथट होतात, आणि मग एखादे वेळीं भलत्याच गाडीची किल्ली त्यांत फिरते. कित्येक मालकांस याचें कौतुक वाटतें. "आमच्या गाडीला कोणतीहि किल्ली चालते," असें ते चारचौघांत हंसत सांगतात! ज्या कुलपास कोणतीहि किल्ली चालते, तें कुलूप नव्हे. ती दाराची शोभा आहे. असें कुलूप बदलून घेण्यास फार खर्च येत नाहीं.

यापुढची पायरी म्हणजे इमोबिलायझर नांवाचें यंत्र. तें कसें चालतें हें आमच्या शास्त्रविषयाच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावें, कारण पुस्तकांतील एक धडाच त्यांत उतरला आहे. किल्लीच्या मुठींत एक इवलीशी चिप बसविलेली असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली कुलपांत घालून फिरविली कीं कुलपाभोंवतालच्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांतून उलटसुलट दिशांनीं वीज वाहूं लागते. तिच्या योगानें सतत बदलणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. आणि मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलेल्या नियमाप्रमाणें किल्लींतील सूक्ष्म वेटोळ्यांतहि वीज निर्माण होते. तेवढ्या चिमूटभर विजेवर चिप जागी होते आणि आपला गुप्त अंक सांगते. अलीकडच्या गाड्यांत तर गाडी प्रत्येक वेळीं नवा प्रश्न विचारते आणि चिप त्याचें नवें उत्तर देते, म्हणजे जुनें उत्तर कोणीं ऐकून ठेविलें तरी त्याचा उपयोग नाहीं. उत्तर पटलें तरच गाडींतील नियंत्रक एंजिनास पेट्रोल आणि ठिणगी मिळूं देतो. न पटल्यास चोरानें कुलूप फोडलें, तारा ओरबाडून जोडल्या, तरी एंजिन मुक्याचें मुकें राहतें.

हें यंत्र नव्या मोटारींस ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघांत (ब्रिटन त्या वेळीं संघांत होतें), जुलै २००१ पासून ऑस्ट्रेलियांत, आणि सप्टेंबर २००७ पासून कॅनडांत सक्तीचें झालें. या तारखांच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या, तरी चोराच्या दृष्टीनें त्यांची जात निराळी.

अमेरिकेनें अशी सक्ती केली नाहीं. कारखानदारांनीं आपापल्या मर्जीप्रमाणें तें यंत्र बसविलें. होंडा कंपनीनें तेथील अकॉर्ड गाडीस तें १९९८ च्या सुमारास आणि सिव्हिक गाडीस २००१ च्या सुमारास दिलें. परिणाम असा झाला कीं वर्षानुवर्षें त्या देशांत सर्वाधिक चोरीस जाणाऱ्या मोटारींच्या यादींत १९९० ते २००० या दशकांतील अकॉर्ड आणि सिव्हिक याच अग्रभागीं राहिल्या. २०१६ सालीं तेथें ज्या अकॉर्ड चोरीस गेल्या, त्यांत एकट्या १९९७ सालच्या बनावटीच्या सात हजारांहून अधिक होत्या. त्याच वर्षीं बनलेल्या नव्या अकॉर्ड पांचशेंहि नव्हत्या. एकोणीस वर्षांची म्हातारी गाडी नव्या गाडीपेक्षां कित्येक पटींनीं अधिक चोरली गेली.

यावरून कोणी म्हणेल, वय हेंच कारण. तसें नाहीं. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनीं अमेरिकेंत २०११ ते २०२१ या काळांत विकलेल्या पुष्कळ स्वस्त गाड्यांत हें यंत्र नव्हतें. २०२१ व २०२२ सालीं या उणिवेची वार्ता चलच्चित्रांच्या द्वारें पोरासोरांत पसरली, आणि तुलनेनें नव्या असलेल्या गाड्यासुद्धां धडाधड चोरीस जाऊं लागल्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें कंपन्यांनीं सुमारें ८३ लाख गाड्यांच्या नियंत्रकांत फुकट दुरुस्ती करून देण्याचें जाहीर केलें. ठिकठिकाणच्या पोलिसांनीं चक्राला अडकविण्याचे लोखंडी दांडके मालकांस वांटले. शेजारच्या कॅनडांत हा प्रकार झाला नाहीं, कारण तेथील कायद्यानें यंत्र आधींच बसविलें होतें. मुलांनो, या प्रकरणाची एक बाजू तुमच्या वयाशीं संबंधित आहे म्हणून सांगतों. या गाड्या पळविणारीं कित्येक पोरें शाळकरी वयाचीं होतीं. त्यांना गाडी विकायची नव्हती. चार मित्रांत मिरवायचें होतें. त्या मिरविण्यापायीं झालेल्या अपघातांत निदान आठ माणसें प्राणांस मुकलीं, असें तेथील सरकारी खात्यानें त्याच महिन्यांत नमूद केलें.

आतां दुसरें कारण, आणि माझ्या मतें आपल्या देशापुरतें तेंच अधिक महत्त्वाचें. जुना वाडा विकावयास काढला तर त्याला गिऱ्हाईक मिळत नाहीं. परंतु तोच पाडला कीं सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी, घडीव दगड यांस निरनिराळीं गिऱ्हाइकें मिळतात आणि एकंदर रक्कम वाड्याच्या किमतीहून अधिक होते. जुन्या मोटारीचें तसेंच आहे. अखंड गाडीस कोणी चांगला भाव देत नाहीं. पण एंजिन, गिअरपेटी, दारें, दिवे, चाकें, रेडिएटर, बॅटरी हीं वेगवेगळीं केलीं कीं प्रत्येकाला मागणी असते. ही मागणी येते कोठून? त्याच बनावटीच्या ज्या इतर जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांच्या मालकांकडून. त्यांची गाडी मोडते, कारखान्यांतून नवा भाग मिळत नाहीं किंवा महाग पडतो, आणि ते स्वस्त भाग शोधीत बाजारांत जातात.

आपल्याकडील मारुति ८०० ही गाडी पाहा. डिसेंबर १९८३ मध्यें ती प्रथम रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि तिचे अनेक भाग वर्षानुवर्षें एकच राहिले. जी गाडी घरोघर असते, तिचा प्रत्येक स्क्रू विकला जातो. एखादी दुर्मिळ, उंची विलायती मोटार चोरून तिचें दार विकावयास निघालेला चोर दुसऱ्या दिवशीं पकडला जाईल. मारुतीचें दार कोणाचें, हें कोण ओळखणार?

उत्तर प्रदेशांतील मेरठ शहरीं सोतीगंज नांवाचा भंगाराचा बाजार होता. चोरीची गाडी तेथें पोंचली कीं कांहीं तासांत तिचे तुकडे होत, अशी त्याची उत्तर हिंदुस्थानांत ख्याति झाली होती. डिसेंबर २०२१ मध्यें पोलिसांच्या कारवाईनंतर तो बाजार बंद पडला. प्रत्येक भंगारवाला चोराचा साथीदार असतो असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. पुष्कळ दुकानदार पावती देऊन, नांवगांव लिहून सचोटीनें व्यवहार करतात. परंतु बाजार नसता तर चोर त्या जुन्या गाडीचें काय करता, हा प्रश्न राहतोच. आपण स्वतः स्वस्त दिव्यासाठीं किंवा दारासाठीं पावती न मागतां पैसे मोजतों, तेव्हां पुढच्या चोरीची आगाऊ रक्कम आपणच भरीत असतों. चोरीचा माल आहे हें जाणून, किंवा तसें मानण्यास सबळ कारण असतां तो घेणें हा भारतीय न्यायसंहितेच्या ३१७ व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली, आणि पूर्वीच्या दंडविधानांतहि हा गुन्हाच होता.

माल ओळखतां न येणें हा चोराचा मोठा आधार आहे. मोटारीच्या सांगाड्यावर १७ अक्षरांकांचा चासी-क्रमांक ठोकलेला असतो आणि एंजिनावर निराळा क्रमांक असतो. दारावर, चाकावर, दिव्यावर सहसा कांहींच खूण नसते. अमेरिकेनें १९८४ सालीं कायदा करून, अधिक चोरल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मुख्य भागांवर क्रमांक घालण्यास कारखानदारांस भाग पाडलें, तें याचसाठीं. सांगाडा अखंड ठेवून विकणारे चोर दुसरी युक्ति करतात. अपघातांत चक्काचूर झालेली त्याच बनावटीची गाडी ते कागदपत्रांसह विकत घेतात आणि तिचा क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवितात. म्हणून आपली गाडी कायमची निकामी झाली तर तिचे कागद भंगारवाल्याच्या हातीं देऊन मोकळें होऊं नये. मोटारवाहन कायदा, १९८८, याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें १४ दिवसांच्या आंत किंवा शक्य तितक्या लौकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंद रद्द करून घ्यावी लागते. हें काम कंटाळवाणें खरें. पण न केल्यास आपल्या मृत गाडीच्या नांवानें दुसऱ्याची चोरलेली गाडी हिंडत राहते.

मालकाचें वागणेंहि चोराच्या पथ्यावर पडतें. नवी गाडी घेतली म्हणजे पहिलें वर्षभर मनुष्य रात्रीं दोनदां उठून खिडकींतून पाहतो. तीच गाडी पंधरा वर्षांची झाली कीं ती चिंचेखालीं, अंधाऱ्या बोळांत, दोनदोन दिवस तशीच उभी असते. "हिला कोण नेतो!" हें वाक्य मी इतक्या मालकांच्या तोंडून ऐकलें आहे कीं चोरांच्याहि तें कानांवर गेलें असावें. शिवाय विम्याचें पाहा. पांच वर्षांच्या सुमारास गाडीची विम्यांत धरलेली किंमत मूळ किमतीच्या निम्म्यावर येते, आणि त्यापुढें ती कंपनी व मालक यांच्या संमतीनें ठरते. हप्ता वांचविण्यासाठीं पुष्कळ जण केवळ कायद्यानें सक्तीचा असलेला, तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा ठेवतात. त्यांत चोरीची भरपाई मिळत नाहीं. ज्याला तोटा सोसण्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्याच डोक्यावर तो सगळा येऊन पडतो.

आतां उपाय. चोरास वेळ लागला पाहिजे आणि त्याला लोकांनीं पाहिलें पाहिजे, एवढ्या दोन तत्त्वांत ते सारे सामावतात. आपल्याकडे मिळणारें गिअरचें कुलूप हें अल्पखर्चाचें आणि उत्तम साधन आहे. तें लावलें कीं गिअरचा दांडा हलत नाहीं. चक्राला आडवा अडकविण्याचा दांडका बळकट चोरापुढें अजिंक्य नव्हे, पण तो बाहेरून दिसतो हाच त्याचा मोठा गुण, कारण चोर कांचेंतून पाहूनच पुढें जातो. दोन्ही असलीं तर फारच चांगलें. जुन्या गाडीस, मला विचाराल तर, सर्वांत उपयोगी म्हणजे गुप्त खटका. कार्बोरेटरच्या गाडींत ठिणगीच्या तारेवर आणि नव्या पद्धतीच्या गाडींत पेट्रोल ओढणाऱ्या विजेच्या पंपाच्या तारेवर एक लहानसा खटका बसवून तो मालकासच ठाऊक असेल अशा जागीं दडवावा. तो बंद असतां एंजिन चालूच होत नाहीं. मात्र हें काम जाणत्या विजेच्या कारागिराकडूनच करून घ्यावें आणि तारेस योग्य फ्यूज असावा. ओबडधोबड जोडकामानें गाडी पेटण्याचें भय असतें. चालत्या गाडींत गुडघा लागून खटका बंद पडेल अशी जागाहि निवडूं नये.

धोक्याच्या भोंग्यावर माझा विश्वास कमी. मांजर चढलें तरी तो ओरडतो, आणि आठ दिवसांत शेजारी उशी डोक्यावर घेऊन झोपण्यास शिकतात. गाडीचें ठिकाण कळविणारें उपग्रहावलंबी यंत्र हल्लीं स्वस्त झालें आहे. तें चोरी थांबवीत नाहीं, परंतु गाडी परत मिळण्याची आशा बरीच वाढवितें. तें सहज दिसेल अशा जागीं बसविणें म्हणजे पैसे फुकट घालविणें. नव्या, किल्ली खिशांतच ठेवून चालविण्याच्या गाड्यांचे चोर निराळे आणि त्यांच्या युक्त्याहि निराळ्या. त्या मालकांनीं किल्ली घरांत पत्र्याच्या झांकणाच्या डब्यांत ठेवावी, एवढें सांगून पुढें जातों.

बाकीचें सवयीवर आहे. दिव्याखालीं गाडी उभी करावी, पुढचीं चाकें फुटपाथकडे वळवून ठेवावीं म्हणजे ओढून नेणें अवघड जातें. दूध घेण्यापुरतें उतरतांना एंजिन चालू ठेवणें हा आपल्याकडील फार मोठा दोष आहे. गाडी धुणाऱ्या मुलाकडे किंवा दुरुस्तीवाल्याकडे दुसरी किल्ली महिनोन् महिने राहूं देऊं नये. तो मुलगा प्रामाणिक असेल, पण त्याच्या खुंटीवरील किल्ली दहा जण पाहतात. खिडकीच्या प्रत्येक कांचेवर गाडीचा क्रमांक कोरून घ्यावा. एवढ्यानें सर्व कांचा बदलण्याचा भुर्दंड चोरावर पडतो. सरकारमान्य सुरक्षित क्रमांकपट्टी जुन्या गाडीस बसविली नसेल तर तीहि बसवावी, कारण साधी पट्टी कोणताहि रंगारी तासाभरांत बनवून देतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीं व्यवहारापूर्वीं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 'वाहन समन्वय' या सोयीवर ती चोरीची म्हणून नोंदलेली नाहीं ना, हें पाहून घ्यावें, आणि चासीवरील क्रमांक कागदाशीं अक्षर न् अक्षर ताडावा.

इतकें करूनहि गाडी गेलीच, तर विलंब करूं नये. "कोणा मित्रानें नेली असेल, संध्याकाळीं येईल," म्हणून वाट पाहण्यांत जो दिवस जातो, त्याच दिवसांत गाडीचे तुकडे होतात. चोरीच्या मोटारी दुसऱ्या गुन्ह्यांतहि वापरल्या जातात. दरोड्याच्या जागीं सांपडलेल्या क्रमांकावरून पोलीस प्रथम मालकाच्याच दारीं येतात. फिर्याद आधीं नोंदविलेली नसेल तर चोर सोडून संन्याशाला फांसी, असा प्रसंग ओढवावयाचा. म्हणून ११२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावें, ठाण्यावर जाऊन फिर्याद नोंदवावी व तिची प्रत घ्यावी, मग विमा कंपनीस आणि परिवहन कार्यालयास लेखी कळवावें. विमा कंपनी भरपाई देतांना गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. एक किल्ली कोठें गेली तें सांगतां आलें नाहीं तर पुष्कळ खुलासे करावे लागतात. चासी-क्रमांक, एंजिनाचा क्रमांक, चारी बाजूंनीं काढलेलीं छायाचित्रें, आणि पोंचे, ओरखडे, बदललेले भाग यांची टिपणी आजच करून ठेवावी. ती कपाटांत ठेवावी. गाडीच्या खणांत ठेवलेली टिपणी गाडीबरोबरच जाते.